शरयूच्या उपड्या बादल्या

शरयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या इंडियन स्टोअरमध्ये शेंडे मोडून मोडून भेंडी निवडत होते, जे तिथल्या मालकाला अजिबात आवडत नाही. तिचा नवरा मिलिंद एवढंच म्हणाला, "मंगल, गेली गं ती." अनपेक्षित नव्हतं. आदल्याच आठवड्यात मी तिच्या उशाशी बसले होते. हिला आता मनातलं काही बोलायचं असेल म्हणून मी रुमाल काढून तयारीत होते, आणि बाईसाहेब म्हणाल्या, "फेब्रुवारीचं रीडिंग चुकवायचं नाही. तू आणि मिलिंद जा. बाटल्या कार्लोसला द्या, तो मशीनवर लावेल." कार्लोस म्हणजे तिचा जुना विद्यार्थी. आमची नागपूरच्या सायन्स कॉलेजपासूनची मैत्री, आणि शेवटचा निरोप काय, तर बादल्यांचा. मी हो म्हटलं. अशा वेळी माणसाशी वाद घालता येत नाही, याचा तिने पुरेपूर फायदा घेतला.

बादल्यांचं सांगायला हवं. पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेचं बेट. तिथे ऊस लावणं सोडून दिलेल्या जमिनीवर काटेरी झुडपं माजली आहेत, आणि त्या झुडपी रानातून किती मिथेन वायू हवेत जातो हे शरयू वर्षानुवर्षं मोजत होती. जमिनीवर बादली उपडी घालायची, थांबायचं, मग बादलीच्या बुडाला बसवलेल्या रबरी बुचातून सिरिंजने आतली हवा ओढायची आणि ती बाटलीत भरायची; तीत किती मिथेन आहे ते परत आल्यावर मशीन सांगतं. एकदा कोरड्या दिवसांत, एकदा पावसाळ्यानंतर. मिथेन म्हटल्यावर आमच्या मराठी मंडळातल्या पुरुषांच्या विनोदाला जो बहर यायचा तो विचारू नका. तिचं नावच त्यांनी गोबरगॅसताई ठेवलं होतं. ती शांतपणे सांगायची की कोरड्या दिवसांत ती माती हवेतला मिथेन उलट खाते, पावसात सोडते, आणि झुडपं वाढतील तसं हे प्रमाणही हळूहळू बदलतं. "मग एकूणात काय, सोडते की खाते?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "अजून मोजतेय." पहिल्या वर्षीही हेच उत्तर होतं आणि शेवटच्या वर्षीही.

प्रकल्पाचं अनुदान बंद झालं, मदतनीस मिळेनात, तेव्हा तिने आम्हाला सुट्टीला बेटावर न्यायला सुरुवात केली. मी हौसेने पोहण्याचे कपडे घेतले होते. समुद्र मला विमानातून दिसला तेवढाच. नंतर तिने मला काट्यांमध्ये एका फळीवर बसवलं आणि बजावलं की अजिबात हलायचं नाही, बादलीजवळ पाय जरी दाबला तरी मातीतला गॅस बाहेर येतो आणि आकडा बिघडतो.

"बोललं तर चालेल ना?" मी विचारलं.

"बोलून काही होत नाही गं. पण तू हातवारे करतेस."

परतताना विमानतळावर तिच्या सिरिंजा आणि त्या रिकाम्या दिसणाऱ्या बाटल्या पाहून अधिकाऱ्याने यात काय आहे असं विचारलं. "हवा," ती म्हणाली. खरं बोलल्यामुळे आम्हाला तिथे फार वेळ बसावं लागलं.

एका वर्षी मात्र ती फेब्रुवारीत, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी विमानतळावरून थेट आमच्याकडे आली, बाटल्यांचा खोका स्वयंपाकघरात ठेवला आणि वरच्या खोलीत जाऊन झोपली. माझ्या सासूबाई तेव्हा नागपूरहून आल्या होत्या. अमेरिकेत चांगल्या वस्तू फेकून देतात हे त्यांचं ठाम मत. काचेच्या सुबक बाटल्या, फिरकीची झाकणं, आणि सगळ्या रिकाम्या... त्यांनी एकूण एक उघडली, गरम पाण्याने धुतली, पुसली आणि हळद-कुंकू भरून वाण म्हणून लुटली. शरयू खाली आली तेव्हा शेवटची बाटली त्यांनी तिच्याच हातात ठेवली. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"रिकाम्याच होत्या गं, कामी आल्या," सासूबाई म्हणाल्या.

"हो काकू," शरयू म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला. मग गाडीत जाऊन ती ढसाढसा रडली. सेमिस्टर चालू होतं, पुन्हा रजा काढून परत जाणं शक्य नव्हतं. तो अख्खा कोरडा मोसम धुतला गेला होता. कार्लोस म्हणाला, आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज काढून जागा भरू, सगळेच करतात. तिने ऐकलं नाही. "मोजलं नाही ते नाही." तिच्या आलेखात तिथे खंड पडला तो तसाच राहिला, आणि कॉन्फरन्समध्ये कुणी कारण विचारलं की ती गंभीरपणे सांगायची, "कल्चरल इव्हेंट." पण तेव्हापासून तिला एकच धास्ती होती, की आणखी एक खंड पडला तर इतक्या वर्षांच्या रेषेला कुणी रेषा म्हणणार नाही. आजारातही तिला स्वतःपेक्षा त्या रेषेची काळजी जास्त होती, आणि याबद्दल मी तिच्याशी भांडलेही आहे.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. मिलिंदला सिरिंज धरता येईना, म्हणून हवा मी ओढली आणि झाकणं त्याने लावली. बादल्या उपड्या घालून आम्ही दोघं आपापल्या फळीवर बसलो, ती असती तर ओरडली असती त्या सगळ्या चुका टाळत... आणि खरं सांगते, तिच्या ओरडण्याची वाट पाहत.

गेल्या आठवड्यात कार्लोसने आलेख पाठवला. मिलिंदने तो तिच्या खोलीत, तिच्या टेबलावरच्या स्क्रीनवर उघडला. रेषेच्या टोकाला एक नवा ठिपका होता, गेल्या कोरड्या मोसमातल्या ठिपक्याच्या अगदी बरोबरीने. "बघ, काही फरक नाही," मिलिंद म्हणाला, "जमलं आपल्याला." तिला हेच हवं होतं, मला ठाऊक आहे. तरी त्या ठिपक्याकडे बघताना मला भयंकर राग आला. शरयू नव्हती, आणि त्या मातीने नेहमीइतकाच मिथेन खाल्ला होता.