कुंकू न लावलेला डॉलर

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला चांदीचा डॉलर मांडतात आणि त्याला हळदकुंकू लावायला सक्त मनाई असते. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. त्यांना मी बाबा म्हणते. कुंकू लावायचं ते खालच्या विड्याच्या पानाला, डॉलर त्यावर नुसता ठेवायचा. सासूबाई होत्या तोवर दर दिवाळीला यावरून वाजायचं. "लक्ष्मीला कुंकू नाही, मग पूजा करताय की तिची मुलाखत घेताय?" असं त्या म्हणायच्या. लग्न करून मी पुण्याहून इंग्लंडात स्लाऊला आले, त्या पहिल्या दिवाळीत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी सवयीने कुंकवाची चिमूट उचलली आणि बाबा असे काही ओरडले की ती माझ्या साडीवर सांडली. तेव्हा मला भयंकर राग आला होता. पूजेच्या वेळी सुनेवर ओरडतात, आणि तेही एका नाण्यासाठी!

हे डॉलर अमेरिकेचे नव्हेत. इंग्रजांनी ते हाँगकाँग आणि मलायाच्या व्यापारासाठी पाडले होते, आणि त्यातले कितीतरी मुंबईच्या टांकसाळीत. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन ब्रिटानिया उभी असते. तिला आमच्या घरात नुसतं 'बाई' म्हणतात. दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी अक्षरं. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर इंग्रजी 'बी' असतो, तोही इतका बारीक की भिंगाशिवाय दिसायचा नाही. बी म्हणजे बॉम्बे. बाबा हाउन्सलोला राहून हीथ्रो विमानतळाच्या कार्गोत नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी नाण्यांच्या फेअरला जाऊन फक्त 'बी'वाले डॉलर शोधायचे. "हेही मुंबईचेच. कामासाठी बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत," असं ते हसून सांगायचे.

सासूबाई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले आणि त्यांनी डॉलर विकायचं ठरवलं. पैशांची निकड नव्हती. त्यांना भीती एकच होती, की आपल्यामागे हे सगळं कुणीतरी मोडीत घालेल. माझ्या नवऱ्याला नाण्यांचं काडीचं कौतुक नाही, त्यामुळे ती भीती खोटी नव्हती. आपल्या डोळ्यांदेखत प्रत्येक नाणं जाणत्या माणसाच्या हाती पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मग शनिवार सकाळ आमची झाली. ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे चुका शोधण्याचाच मला पगार मिळतो. पण बाबांसारखी नजर मी पाहिली नाही. नाणं कडेने धरायचं, भिंग उजव्या डोळ्याला, डावा डोळा मिटलेला. बाईचा गुडघा, छाती, ढालीची कड, हे आधी झिजतं. ते तिरपं करून बघायचे, पृष्ठावरचा उजेड गोल फिरतो का ते पाहायचे आणि नाण्याची प्रत सांगायचे, "व्हेरी फाइन. त्याच्या वर एक अक्षर लिहू नकोस." मी किचनच्या टेबलावर करडा कागद अंथरून, दोन्ही बाजूंना दिवे लावून फोटो काढायची आणि ते सांगतील ते वर्णन ऑनलाइन टाकायची. ओरखडा असला तर तो आधी लिहायचा, कौतुक नंतर. त्यांचं वर्णन वाचून घेतलेलं नाणं कुणी कधी परत केलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

नाणं साफ करणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं जो रंग चढतो, तो घासला की नाणं मेलं. त्यांच्याकडचा सगळ्यात सुंदर डॉलर जुन्या कागदी पाकिटात राहून कडेने निळा-जांभळा झाला होता. लेस्टरचे एक वयस्कर गृहस्थ कितीदा तरी येऊन तो बघून गेले होते. गेल्या दिवाळीच्या आधी बाबा शेवटी त्यांना हो म्हणाले. "पण लक्ष्मीपूजन झाल्यावर या. ही लेक सासरी जायच्या आधी एकदा आमच्या देवासमोर बसू दे," असं त्यांनी फोनवर चक्क इंग्रजीत सांगितलं. लेस्टरकरांना ते समजलं असावं, कारण ते थांबले.

त्याच सुमाराला बाबांचं आणि माझं फोटोंवरून बिनसलं होतं. फोटोही ते सवयीने डावा डोळा मिटूनच बघायचे.

"अगं, मधोमध ब्लर येतोय. बाईचा चेहराच नीट दिसत नाही."

"बाबा, शार्प आहे. झूम करून बघा ना."

"झूम केल्यावर ब्लरच मोठा होतो."

मी स्टँड बदलला, लेन्स पुसली, दिवे हलवले. पुन्हा तेच. शेवटी मी चिडून म्हटलं, "मग तुम्हीच काढा." आपल्या डोळ्याची तक्रार ते माझ्या कॅमेऱ्याच्या नावाने करत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही. आता तो संवाद आठवला की मला फार वाईट वाटतं.

लक्ष्मीपूजन छान झालं. कुंकू पानाला, डॉलर पानावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला खाली आले तर बाबा सिंकपाशी उभे होते. ओट्यावर खायच्या सोड्याची डबी, हातात भांडी पुसायचं फडकं आणि त्या फडक्यात तो डॉलर. पांढराफटक, चकचकीत. निळा-जांभळा रंग पार गेला होता.

बाबा अपराधी हसून हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, टेन्शन घेऊ नकोस. सवयीने होतं. तुझी आईपण एकदा विसरली होती. त्याला सांगायचं नाही, आपल्या दोघांत राहू दे."

तुझी आई म्हणजे सासूबाई, आणि 'तो' म्हणजे माझा नवरा. पण विसरण्याचं काय, ते मला कळेना.

"कुंकू गं. तू काल बाईला कुंकू लावलंस. नुसत्या पाण्याने जाईना, म्हणून जरासा सोडा घेतला. अजून राहिलंच आहे बघ."

"बाबा, मी कुंकू लावलं नव्हतं."

"अगं, मी रागावलोय का? हे काय इथे, तोंडावर." त्यांनी डॉलर माझ्यासमोर धरला.

तिथे काहीही नव्हतं. बाईचा चेहरा आरशासारखा स्वच्छ होता आणि त्यावर बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या. मी तसं सांगितलं. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, उजव्या डोळ्याला लावलं, डावा मिटला. "आहे की. तांबडट काळं," ते ठामपणे म्हणाले. मग भिंग खाली आलं, पण डावा डोळा तसाच मिटलेला राहिला. त्यांनी नळाकडे पाहिलं. फडक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुझ्या तोंडावरपण आहे," ते म्हणाले.

मी नळ बंद केला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. डॉलर त्यांच्या मुठीतच होता, आणि मूठ ते उघडेनात.

आय हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी समजावलं की उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्त साकळलं आहे, नजरेच्या बरोबर मध्यावर. धूसर दिसणं आधीपासून असणार, पण डावा डोळा चांगला म्हणून रोजच्या वावरात ते जाणवलं नाही. इंजेक्शनांनी उरलेलं वाचलं. डाग राहिला. थोडं आधी आला असतात तर, एवढं म्हणून त्या थांबल्या.

ठरल्याप्रमाणे लेस्टरचे गृहस्थ आले. मी त्यांना येऊ नका म्हणून कळवणार होते, पण बाबांनी कळवू दिलं नाही. गृहस्थांनी डॉलर हातात घ्यायच्या आधीच बाबा इंग्रजीत म्हणाले, "हा साफ केलेला आहे. मी केलाय." गृहस्थांनी बराच वेळ तो उजेडात फिरवून पाहिला. चांदीवर फिरणारा तो उजेड आता कुठे होता! मग त्यांनी डॉलर हलकेच टेबलावर ठेवला आणि आय ॲम सो सॉरी म्हणाले, मयताच्या घरी म्हणतात तसं. चकलीचं एक वेटोळं खाल्लं, चहा घेतला आणि मोकळ्या हाताने गेले. त्यांचा मला राग येत नाही. खरं तर यात कुणाचाच राग येत नाही, आणि मला तेच जड जातं. रागावता आलं असतं तर मी केव्हाच मोकळी झाले असते.

बाबांनी त्यानंतर एकाही नाण्याची प्रत ठरवली नाही. डाव्या डोळ्याला भिंग लावून बघा, असं मी सुचवलं, तर म्हणाले, "डाव्या हाताने जेवायला सांगशील उद्या." उरलेले डॉलर त्यांनीच पूर्वी प्रत लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरून मी विकले. माणसं चांगली मिळाली. त्यांच्या मनासारखंच झालं म्हणायचं, पण शनिवारी किचनचं टेबल आता मोकळं असतं आणि मला ते बघवत नाही.

तो एक डॉलर मात्र घरात राहिला. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला मी पानावर कुंकू वाहिलं आणि त्यावर तो ठेवला. बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते.

"आता लाव त्याला कुंकू," ते म्हणाले. "आता काय बिघडायचंय? तुझ्या आईची तेवढीच हौस."

मी चिमूट उचलली. हात थबकला, पण कुणी ओरडलं नाही. बाईच्या कपाळावर मी कुंकू लावलं. चांदीवर ते लालभडक उठून दिसलं.

बाबांनी डॉलर उचलला, सवयीने भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि डावा मिटला.

"लावलंस?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"मला तर आधीसारखंच दिसतंय," ते म्हणाले.