बिडीचा बिल्ला

व्यसनांमध्येही जाती असतात, हे मला चिंचवडच्या एका रंगाच्या कारखान्यात कळलं. मोठे साहेब चिरूट ओढत, तो शौक. तपकीर हे औषध. घरोघरच्या बायका दिवसातून चारदा मिश्री लावत, ती दातांची निगा. मी सिगारेट ओढत असे, ती माझ्या मते विचार करण्याची एक रीत होती. व्यसन काय ते फक्त बिडीवाल्याला होतं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला ज्वारीच्या शेतांतून एकेक धुराडं वर येऊ लागलं होतं. मी दापोडीला एका भाड्याच्या खोलीत राहत असे आणि कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकुनी करत असे. हजेरी मांडायची, पाळ्यांचे तक्ते लिहायचे आणि बिडीची नोंदवही ठेवायची.

ही नोंदवही काय, ते सांगायला हवं. कारखान्यात व्हार्निश शिजायचं. जवसाचं तेल आणि राळ मोठमोठ्या कढयांत उकळत असे आणि शेजारी टर्पेंटाइनची पिंपं उभी असत. साहजिकच आत बिडीला मनाई होती. काड्यापेट्या गेटवरच काढून घेत. पण बिडीवाला चोरून ओढणार आणि एक दिवस कारखान्याची होळी करणार, हे ओळखून आधीच्या मॅनेजरने तोडगा काढला होता. गेटाजवळ एक कट्टा बांधून घेतला, बिडी पेटवायला खांबाला काथ्याचा जळता दोर टांगला आणि बिडी ओढणाऱ्यांना पत्र्याचे बिल्ले दिले. बिल्ला दाखवला की पाळीत दोनदा, दहा-दहा मिनिटं, कट्ट्यावर जाता येई. जेवणाची सुट्टी सगळ्यांना होती. ही वरची वीस मिनिटं फक्त ओढणाऱ्यांना. ज्याला व्यसन नाही त्याला थकवाही येत नाही, असा या व्यवस्थेचा सिद्धांत होता. मी कारकून असल्यामुळे मला बिल्ल्याची गरज नव्हती. मी टेबलाशी बसूनच विचार करत असे.

एका उन्हाळ्यात निघोज्याचा एक माणूस कढईवर लागला. तिशीतला, उंच, मोजकं बोलणारा. रोज इंद्रायणी ओलांडून सायकलीने यायचा. महिनाभर त्याने मुकाट्याने कढई ढवळली. मग एक दिवस तो माझ्या खिडकीशी आला.

"भाऊसाहेब, मला बी बिल्ला द्या."

"बिडी ओढता?"

"न्हाई."

"मग बिल्ला कशाला?"

"वाईच भाईर उभं ऱ्हायाला. वाफ लई डोळ्यात जाती."

"तसा नियम नाही. बिल्ला बिडीचा आहे."

त्याने माझ्या वहीकडे बोट दाखवलं. "मंग लिवा. वढतो म्हनून लिवा."

मी लिहिलं. पहिले काही दिवस तो कानावर एक बिडी अडकवून कट्ट्यावर नुसताच उभा राहायचा, आणि त्याला वाटायचं की आपण नियमाला फसवलं. ते मुकादमाच्या लक्षात आलं. मुकादम स्वतः पक्का बिडीवाला, त्यामुळे तत्त्वाचा माणूस. "काय राव," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "हिथं काय जत्रा भरलीय बघत उभं ऱ्हायाला? पेटवा, न्हाईतर कढईवर चला." निघोज्याच्या माणसाने बिडी पेटवली आणि तो इतका खोकला की कट्ट्यावरचे बाकीचे पोट धरून हसले. महिन्याभरात त्याचा खोकला थांबला. दिवाळीपर्यंत तो भोंग्याआधीच कट्ट्याकडे बघायला लागला. एकदा मला म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यो घोटाळा झाला की. आता ऐतवारी बी लागती. ऐतवारी कुठं बिल्ला हाय?"

तेव्हा मला ही गंमत वाटली. व्यसन ही ज्याची त्याची मर्जी असते, असं माझं ठाम मत होतं. ते मी मित्रांशी तासन्‌तास वाद घालून, तत्त्वज्ञांचे दाखले देऊन आणि एकामागून एक सिगारेट पेटवत सिद्ध केलं होतं. मर्जी एवढी मोकळी होती की पाकीट संपलं की वादही संपायचा.

दोन वर्षांनी कारखान्यात नवे वेल्फेअर ऑफिसर आले. कामगार त्यांना वेलफेरसाहेब म्हणत. कोट, टाय, हातात चांदीची डबी आणि त्या डबीत तपकीर. कामगारांचं कल्याण करायचं ठरवूनच ते आले होते, आणि एकदा तसं ठरलं की कामगारांना काय हवं ते विचारण्यात वेळ घालवायचा नसतो. आठवड्याभरात त्यांनी धूम्रपानत्यागाचं प्रतिज्ञापत्रक काढलं. मराठी मसुदा माझ्याकडून करून घेतला. 'मी स्वेच्छेने' अशी त्याची सुरुवात होती. खालची सूचना मात्र त्यांनी स्वतः सांगितली: सर्वांनी येत्या शनिवारपर्यंत स्वेच्छेने सह्या कराव्यात.

मी म्हटलं, "साहेब, मुदत घातली तर स्वेच्छा कशी राहील?"

"मुदत नसली तर लोक स्वेच्छा वापरतच नाहीत," ते म्हणाले. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. पुढे अनेक सरकारी योजना समजून घेताना ते मला उपयोगी पडलं.

सही करणाऱ्याचा बिल्ला परत घ्यायचा होता, कारण आता त्याला त्याची गरज उरणार नव्हती. त्याच वेळी असंही कानावर आलं की टेंपरवारी माणसांना कायम करताना प्रतिज्ञापत्रक पाहिलं जाईल. शनिवारपर्यंत सगळा कारखाना निर्व्यसनी झाला. मुकादमाने पहिली सही केली आणि दुसऱ्याच दिवशी चुन्याचं चुनाळू कमरेला लावलं. तंबाखू मळून गालात धरायला कट्टा लागत नाही, दोर लागत नाही आणि दहा मिनिटंही लागत नाहीत. हात कढईवरून निघत नाही. भिंतींवर पिचकाऱ्या दिसू लागल्या, पण कारखाना रंगाचाच असल्यामुळे त्यांच्याकडे कुणी संशयाने पाहिलं नाही.

मीही सही केली. मी टेंपरवारी होतो, आणि टाइम ऑफिसच्या भिंतीला लागून टर्पेंटाइनचं नवं गोदाम झाल्यामुळे टेबलाशी ओढायची सोय तशीही बंद झाली होती. शिवाय मर्जीच आहे तर मर्जीने सोडून दाखवू, असा जरा ताठाही होता. मी खरोखरच सोडली. एकाच पुस्तकाचं एकच पान चार-चारदा वाचलं. दूधवाल्याशी भांडलो. खोलीमालकाच्या मांजराशीही भांडलो.

सही केली नाही ती फक्त निघोज्याच्या माणसाने. आणि त्याच महिन्यात त्याने बिडी सोडली.

ते असं झालं. त्याची छाती भरू लागली होती. नदीपलीकडचा चढ पूर्वी तो सायकलीवर बसून चढायचा. आता उतरून, मध्येच थांबून चढायला लागला. चाकणच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "बिडी सोड नाहीतर कढई सोड. दोन्हीचा धूर या छातीला झेपायचा नाही. आणि कामावर अधूनमधून बाहेर येऊन मोकळा श्वास घेत जा." कढई सोडणं त्याला परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने बिडी सोडली. खिशात फुटाणे ठेवायचा, तलफ आली की एकेक चावायचा. "बैल इकला तवा बी इतकं वंगाळ वाटलं न्हवतं," असं मला म्हणाला. पण सही केली तर बिल्ला जाणार, आणि बिल्ला गेला की मोकळ्या हवेची वीस मिनिटं जाणार.

"भाऊसाहेब, माझं नाव ऱ्हाऊ द्या वहीत," तो म्हणाला. "बिडीवालाच ऱ्हाऊ द्या मला."

मी राहू दिलं. कट्टा आता ओस पडला होता, त्यामुळे तो पेटवतो की नाही हे पाहायला कुणी नव्हतं. अशा रीतीने, ज्यांची ओढायची तलफ जराही कमी झाली नव्हती ते सगळे कागदावर मुक्त झाले, आणि जो एक कामगार खरोखर सुटला तो कागदावर कारखान्यातला शेवटचा व्यसनी उरला.

या शेवटच्या व्यसनी माणसावर वेलफेरसाहेबांची नजर जाणारच होती. त्यांनी त्याला बोलावलं. नोंदवही घेऊन मलाही.

"माणसाला इच्छाशक्ती पाहिजे, इच्छाशक्ती!" साहेबांनी डबीवर टिचकी मारली, चिमूट भरली आणि नाकपुडीत सारली. "मनात आणलं तर काय अशक्य आहे?"

"व्हय साहेब."

"मग सोडत का नाहीस?"

"सुटत न्हाई साहेब."

"तुझ्या आईबापांनी हेच शिकवलं का तुला?"

"न्हाई साहेब. हितं आल्यावं शिकलो."

साहेबांना तेवढ्यात शिंका आल्या, तीन की चार. तो अदबीने थांबला. मी वहीत डोकं घातलं. मला तेव्हा लक्षात आलं की साहेबांचं आणि माझं मत एकच आहे. माणूस व्यसन निवडतो म्हणून तो दोषी, असं ते म्हणत होते. माणूस निवडतो म्हणून त्यात कुणी लुडबूड करू नये, असं मी म्हणत आलो होतो. ज्याने वाफेतून दहा मिनिटं सुटायला बिडी पेटवली होती, त्याचा आम्हा दोघांच्याही तत्त्वज्ञानात कुठे पत्ता नव्हता. आणि त्याचं नाव वहीत माझ्याच अक्षरात होतं.

साहेबांनी रुमालाने नाक पुसलं आणि ते माझ्याकडे वळले. "एका माणसासाठी दोर, कट्टा, वही, हे लाड नकोत. सोमवारपासून हे सगळं बंद. बिल्लेही बंद."

निघोज्याच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. श्वास घेताना त्याच्या छातीत होणारा बारीक आवाज ऐकू येत होता.

"एक नाही साहेब," मी म्हणालो. "दोन आहेत."

"दुसरा कोण?"

"मी."

"तुम्ही तर सही केलीत!"

"स्वेच्छेने केली होती. स्वेच्छेनेच मागे घेतो. आणि कट्टा बंद झाला तर मी बसल्या जागी ओढीन, साहेब. माझ्या भिंतीमागे टर्पेंटाइन आहे."

साहेबांनी डबी मिटून खिशात टाकली. माणसाच्या छातीपेक्षा टर्पेंटाइनची भाषा त्यांना लवकर कळली. हेच वाक्य निघोज्याच्या माणसाने उच्चारलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याचा हिशेब झाला असता. कारकून बोलला म्हणून तो मुद्दा ठरला. कट्टा राहिला. त्यांच्या अहवालात 'दोन दुबळ्या मनाचे अपवाद वगळता' असे शब्द आले. मराठीत ते मीच लिहिले. माझं कायम होणं एका वर्षाने पुढे गेलं.

मित्रांना हा किस्सा मी पुढे फार रंगवून सांगत असे आणि त्यात माझा त्याग बराच मोठा असे. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत मी बोललो तो त्याच्या छातीच्या आवाजामुळे की तेवीस दिवसांच्या माझ्या तलफेमुळे, हे मला आजही ठरवता येत नाही. 'एक नाही, दोन' हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा जिभेवर सिगारेटची चव आधीच आली होती.

सोमवारी मी माझंही नाव वहीत लिहिलं आणि आम्ही दोघे बिल्ले घेऊन कट्ट्यावर गेलो. पाहायला कुणीच नव्हतं. न पेटवता उभं राहता आलं असतं. तो तर महिनाभर राहतच होता. मी सिगारेट काढली.

"लागती का?" त्याने विचारलं.

"लागत नाही. असंच."

"व्हय, मी बी असंच म्हनायचो."

मी दोराला सिगारेट टेकवून पेटवली आणि पहिला झुरका घेतला. डोळे मिटले. किती बरं वाटलं, ते लिहिण्याची मला अजूनही लाज वाटते. डोळे उघडले तेव्हा तो तोंडासमोर हात हलवत माझा धूर बाजूला सारत होता.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "राग मानू नगा, पर वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं ऱ्हावा. मी सोडलीय."