सुधाकरच्या चित्रांवरचं लॅकर

आम्ही दोघं भाऊ उदगीरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसलो, तेव्हा आईनं खिडकीतून माझा हात धरला. "धाकट्याला सांभाळ रे." सुधाकरच्या मांडीवर रंगांची पेटी होती. मोटारीच्या कंपनीत नोकरीला निघालेल्याला हिचं काय काम, असं मला तेव्हाच वाटलं.

कासारवाडीत खोली घेतली. मी गाड्या रंगवायच्या पेंट शॉपला लागलो, तो सुटे भाग जोडायच्या असेंब्लीला. सुट्टीला तो सायकलनं कुरुळीच्या माळावर जायचा. एकच बांध सकाळी, दुपारी, कलत्या उन्हात रंगवायचा. जवळून नुसते रंगाचे जाड फटकारे. चार पावलं मागं सरकलं की ज्वारीवर ऊन हलायचं. चित्रकलेतल्या या रीतीला इम्प्रेशनिझम म्हणतात, हे मला फार पुढं कळलं. माझी नोकरी गाडीच्या रंगातले ओघळ, गुठळी, खडबड शोधून घासून काढायची. डोळ्यांना तेवढंच दिसायचं.

चिंचवडला त्याचं पहिलं प्रदर्शन ठरलं. तो फर्स्ट शिफ्टला गेला होता. मी त्याची सगळी चित्रं पॉलिश पेपरनं घासली आणि वर गाडीला मारतात तसं चकचकीत लॅकर मारलं. बॉनेटसारखी चकाकली. भावासाठी काहीतरी केलं, म्हणून मी खूश होतो.

तो आला. बराच वेळ पाहत राहिला. "दादा, ऊन खरवडलंस रे."

प्रदर्शन झालं नाही. त्यानं पुन्हा ब्रश धरला नाही.

गावी मी सांगितलं, त्याचा नाद आपोआप सुटला. लग्नाकार्यात तुम्ही सगळे भाऊबंद त्याला चिडवायचात, "काय चित्रकार, झालास ना शेवटी फिटर!" तो खाली मान घालून जेवायचा. मीही तुमच्याबरोबर हसायचो. धाकटा धरसोड्या निघाला, असं समजूनच आई गेली.

आता त्या बांधावर गोदामं आहेत. गेल्या आठवड्यात राजगुरुनगरला सुधाकरच्या घरी जाऊन हे लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं.

"आता कशाला, दादा? सत्तरी आली."

"म्हणूनच."

त्यानं माझ्या हातातला कागद घेतला. मग म्हणाला, "माझी कीव नको त्यात. चित्रं चांगली होती, एवढं लिही."

चांगली होती. फार चांगली होती.

दिवाळीला सगळे जमाल तेव्हा हे मोठ्यानं वाचा. मी समोर बसेन. इतकी वर्षं थोरला म्हणून तुम्ही मला पहिल्या पंगतीला बसवलंत, आणि सुधाकर गप्प राहिला म्हणून मी बसलो. यंदा शेवटच्या पंगतीला बसवा. खरं ठाऊक असलेल्या माणसांत दोन घास मिळाले, तर त्याला मी घर म्हणेन.