माकडतापाचा अर्ज कोणाच्या नावे

अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात 'प्रति' असे लिहून पुढे स्वल्पविराम दिला, की निम्मे काम झाले असे मी मानतो. उरलेले निम्मे म्हणजे विषय, मजकूर आणि अर्जदाराची सही अथवा अंगठा. तहसील कचेरीच्या आवारात, मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाला टेबल लावून मी कित्येक वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीत थांबले असले, तरी कोणता अर्ज कोणत्या खात्याच्या दारात जाऊन उभा राहतो हे मला पदवीधरांहून अधिक कळते, असे येथे कोणताही संकोच न बाळगता नमूद करतो. तरीही काजूच्या हंगामात एका बाईने माझ्यापुढे जो प्रश्न ठेवला, त्याने माझ्या बुद्धीची जी अवस्था झाली, ती अद्याप पूर्ववत झालेली नाही.

ती दोडामार्गाकडच्या एका खेड्यातली. तिचा नवरा दुसऱ्याच्या काजूबागेत राखणीला आणि बिया गोळा करायला जात असे. त्याला माकडताप झाला. आमच्या भागात हा ताप आता नवा राहिलेला नाही. रानात माकडे मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात आणि पाचोळ्यात वावरणाऱ्या माणसाला चावतात. सरकारी दवाखान्यात त्याचे रक्त तपासले, सलाईन लावले, एक पैसा घेतला नाही. पुढे हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा गावच्या जीपने त्याला सीमेपलीकडे गोव्यातल्या एका खासगी इस्पितळात नेले, कारण खाट तिथे रिकामी होती. तिकडची मोफत उपचारांची योजना तिकडच्या रहिवाशांना लागू. आपल्या योजनेचे कार्ड आपल्या यादीतल्या इस्पितळांत चालणार. म्हणजे माणूस एका राज्याचा, खाट दुसऱ्या राज्यातली, आणि ताप कोणाच्याच हद्दीत नाही.

"इस्पितळवाले आज सांजेपर्यंत खर्चाचो कायतरी कागद दाखय म्हणतत, नायतर पैशे भर म्हणतत," ती उभ्यानेच म्हणाली. "दोनय झाला नाय, तर मी घोवाक घरी घेवन येतलंय."

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारले.

"आता हलवलास तर वाचाचो नाय म्हणतत."

"मगे हलवतंस कित्याक गो?" शेजारच्या टेबलावरून मुद्रांक विक्रेता म्हणाला.

"थंय ठेवलो तर घर जाता, घरी हाडलो तर तो जाता. तुमीच सांगा काय करू ता."

मी कोरा कागद घेतला, 'प्रति' लिहिले, स्वल्पविराम दिला आणि तिथेच थांबलो. असे मला सहसा होत नाही.

विचारान्ती मी निष्कर्ष काढला तो असा. माकडे वनखात्याची. माकडांनी नारळ पाडले, केळीची नासधूस केली, गव्यांनी भात तुडवले, अशा आशयाचे अर्ज मी झोपेतही लिहू शकेन. त्यावर पंचनामा होतो आणि उशिरा का होईना, भरपाई येते. मग माकडाने पाडलेल्या नारळाला जर मोल मिळते, तर माकडाच्या गोचिडीने पाडलेल्या माणसाला ते का मिळू नये?

"वकीलसायबानू," मुद्रांक विक्रेता म्हणाला (तो मला याच नावाने हिणवतो), "सरळ माकडाकच सामनेवालो कर. आणि समन्स झाडार नेवन चिकटय."

त्याच्याकडे दुर्लक्ष करून मी शर्टाचे वरचे बटण लावले आणि बाईला सोबत घेऊन स्वतः वनखात्याच्या कार्यालयात गेलो. तेथील लिपिक मला ओळखतो. त्याने बाईला खुर्ची दिली आणि माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

"माकड चावलं का?" त्याने विचारले.

"नाही."

"ओरबाडलं?"

"नाही."

"मग माकडानं केलं काय?"

"ते मेले," मी म्हणालो.

"म्हणजे नुकसान आमचं झालं की हो!" तो म्हणाला, आणि बाईकडे पाहून लगेच गंभीर झाला. "प्राण्यानं हल्ला केला तर खातं देतं. पण गोचीड वन्यप्राणी नाही. मी लिहू कुठल्या रकान्यात?"

त्याच्या बोलण्यात खोट काढण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला, परंतु नियमाने तो बरोबर होता. पशुसंवर्धन खात्यात विचारले, तर तेथील मनुष्य म्हणाला की गोचीड गुरावर असेपर्यंत त्यांची, माकडावर बसली की त्यांची नव्हे. तिथून बाहेर पडताना बाई म्हणाली, "काकानू, माणसार बसली तर ती कोणाची?"

त्याचे उत्तर आरोग्य खात्याकडे असले पाहिजे, म्हणून आम्ही तिकडे गेलो. तिथल्या परिचारिकेने नाव ऐकताच ओळखले. रक्त तिनेच घेतले होते. ती म्हणाली, "आपल्या सरकारी इस्पितळात आणा, सगळं फुकट होईल, मी स्वतः बोलते." मग डॉक्टर हलवू नका म्हणतात हे कळल्यावर तिने हातात घेतलेला फोन खाली ठेवला. तिने हळूच विचारले, "रानात जाताना गोचीड चिकटू नये म्हणून लावायला तेल दिलं होतं आम्ही घरोघर. लावत होते का?"

बाईने पदराचे टोक मुठीत धरले. "आधी लावी. मगे सोडल्यान. उन्हात आंग जळता म्हणी."

परत येताना माझ्या डोक्यात त्या तेलाने ठाण मांडले. ज्याने तेल लावले नाही, त्याचा हक्क राहतो की जातो? विडी ओढणाऱ्याचा खोकला सरकार तपासतेच. दारू पिऊन गटारात पडलेल्याचा पाय सरकार जोडतेच. तर मग उन्हात अंग जळते म्हणून तेल सोडणारा त्यांच्याहून अपराधी कसा? आणि समजा हक्क आहे. तर तो आमच्या बाजूच्या खाटेवर असतो आणि नदी ओलांडून पलीकडच्या खाटेवर झोपले की नसतो, हा कसला हक्क? जमिनीचा हक्क सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. श्वासाचा कुठे लिहिलेला असतो, हे मला कोणी दाखवून दिले असते, तर मी त्याची नक्कल काढून दिली असती.

टेबलावर परतल्यावर हे सारे मी मोठ्याने बोलून दाखवले. मुद्रांक विक्रेत्याने सुपारी कातरता कातरता ऐकले.

"हक्क बिक्क काय नाय," तो म्हणाला. "जेचा तेणी भरूचा. माझी साखर वाढली तेवा मी खंय अर्ज केलंय? माझ्या खिशातून गोळये खातंय. सगळ्यांचा सरकारान भरूचा म्हटल्यार सरकार तरी कोणाच्या खिशातून भरतला? माझ्याच ना?"

"आणि ज्याला खिसाच नाही त्याने?"

"ता माका काय इचारतंस? तू वकील."

उन्हे कलू लागली होती, आणि बाईची नजर माझ्या लेखणीवर होती. म्हणून 'प्रति'च्या पुढची जागा तशीच ठेवून मी मजकुरास हात घातला. 'मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन अर्जदाराच्या पतीवरील उपचारांचा खर्च मंजूर करावा' असे लिहून मी तिला वाचून दाखवले.

"मेहेरबानी कित्याक?" ती म्हणाली. "आमी मत दितांव, घरपट्टी भरतांव. भीक मागूक नाय इलंय मी."

तिचे म्हणणे मला पटले. मी कागद बदलला आणि लिहिले, 'सदर उपचार मिळणे हा अर्जदाराच्या पतीचा हक्क असून तो विनाविलंब बजावण्यात यावा.' हे वाक्य मला फार आवडले. मी ते खड्या आवाजात वाचले.

ती घाबरलीच. "नको, नको! हक्क म्हटल्यार सायब रागावतले. माझो माणूस तेंच्या हातात आसा, काकानू. मधलो शब्द घाला."

हक्क आणि मेहेरबानी यांच्या मधला शब्द! मी आठवू लागलो. विनंती लिहावी, तर तीही खालीच वाकते. मागणी म्हणावे, तर ती वर मान काढते. शासकीय भाषेत माझे नाव आहे, पण तो शब्द मला मिळाला नाही. आजतागायत मिळालेला नाही.

इतक्यात तिचा फोन वाजला. इस्पितळातून विचारत होते, कागद येतो आहे की माणसाला नेता आहात. ती "येतंय, येतंय" एवढेच म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने पिशवी उचलली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की ती आता जीप ठरवायला निघाली आहे.

मुद्रांक विक्रेत्याने खण उघडला, एक मुद्रांक कागद काढला आणि माझ्यापुढे टाकला.

"हमीपत्र लिही. हमीदार म्हणान माझा नाव घाल."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. "आत्ताच तूच म्हणालास ना, जेचा तेणी भरूचा?"

"म्हटलंय. अजूनय म्हणतंय. लिही तू, भाषण नको."

"पण विक्रेत्यानेच स्वतःच्या मुद्रांकावर हमीदार होणे हे कितपत—"

"वकिला, तो थंय मरता हा रे!"

मी लिहिले. हात चालत होता, परंतु मनात दोन गोष्टी एकदमच होत्या. एक, सुटल्यासारखे वाटले. दुसरी, त्या जागी माझे नाव का आले नाही याचा राग आला. आणि तो राग त्याच्यावर करावा की आणखी कोणावर, हे ठरेना. त्याने सही केली, मोबाईलवर कागदाचा फोटो काढून इस्पितळाला पाठवला आणि पुन्हा सुपारी कातरू लागला. काही वेळाने तिकडून उत्तर आले की तूर्त चालेल, पेशंट राहू दे. बाई टेबलाला धरून खाली बसली. नंतर तिने आमच्याकडेच पाणी मागून घेतले आणि बांद्याकडच्या गाडीने गोव्याला परत गेली.

मी मात्र बुचकळ्यात पडलो तो पडलोच. उपचार हा हक्क असता, तर हमी लागली नसती. हक्क नसता, तर जो मनुष्य हक्क मानत नाही त्याने हमी द्यायचे कारण नव्हते. मी त्याला तसे विचारलेही. तो म्हणाला, "तू जेवलंस काय?"

हंगाम संपता संपता ती पुन्हा आली, या वेळी नवऱ्याला घेऊन. तो काठीसारखा झाला होता आणि कचेरीच्या पायरीवर बसून धापा टाकत होता, पण चालत आला होता. तिने आमच्या दोघांच्या टेबलांवर एकेक फणस ठेवला.

"माका थंयसून कोणी बोलावल्यान नाय?" मुद्रांक विक्रेत्याने विचारले. "हमीचा काय झाला?"

"गरज पडली नाय. झाला सगळा."

"झाले म्हणजे?" मी विचारले. "पैसे कोणी भरले? बागवाल्याने? सरकारने? की इस्पितळानेच सोडले?"

तिने नवऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि एकदम हसली.

"कित्याक, काकानू? जेणी भरल्यान तेका आता अर्ज करतलास?"

"चल गो, गाडी चुकतली," नवरा पायरीवरून म्हणाला. तिने त्याच्या काखेत हात घातला, आणि ती दोघे स्टँडच्या दिशेने हळूहळू चालू लागली.