मस्कतचा ओव्हन आणि माझं निदान

आमच्या मुलुंडच्या घरातल्या ओव्हनला कधीही, काहीही झालेलं नव्हतं. हे कळेपर्यंत मी त्याचा एक भाग बदलला होता आणि दुसरा बदलायच्या तयारीत होते.

मी तेव्हा शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. त्यामुळे इस्त्री, मिक्सर, पंखा, काहीही बंद पडलं की घर माझ्याकडे बघे, आणि मीही मल्टिमीटर घेऊन ऐटीत पुढे होई. ऐंशीच्या दशकात घरात मल्टिमीटर असलेली सून म्हणजे चेष्टा नव्हे!

माझे मोठे दीर विनयभाऊजी मस्कतला नोकरीला. एका सुट्टीत त्यांनी ओव्हन आणला. मायक्रोवेव्ह तर होताच, शिवाय गरम हवेवर केकही भाजणारा. ओट्याशेजारच्या भिंतीत गवंड्याकडून कोनाडा करून त्यांनी तो त्यात बसवला. सासूबाईंचे गुडघे दुखत. "आई, आता गॅससमोर उभं राहायचं नाही," असं बजावून ते परत गेले.

आमच्याकडे वस्तू उघडी ठेवायची पद्धत नव्हती. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला सुद्धा कव्हर! मग लेकाच्या ओव्हनला कसं नसेल? सासूबाईंनी मोर भरलेला जाड पडदा शिवला.

"माझ्या झिलान आणलेली वस्तू आसा गो. धूळ बसाक नको."

पडदा दारावर लोंबायचा, उघडताना मध्ये यायचा. म्हणून मी एक शास्त्रीय सुधारणा केली. ओव्हन चालू असताना पडदा वर दुमडायचा आणि दाराच्या वरच्या जाळीच्या फटींत खोचायचा, कामाला लागताना पदर खोचतात तसा. कल्पना माझीच. सगळ्यांना आवडली.

आणि ओव्हन बंद पडू लागला.

थोडा वेळ छान चालायचा, मग दिवा, पंखा, सगळं ठप्प. विनयभाऊजींचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आई, ओव्हन वापरतेस ना?" आणि सासूबाई म्हणायच्या, "व्हय तर! रोज!" रिसीव्हर ठेवला की त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा मला म्हणाल्या, "तो येतलो आणि बघतलो, वस्तू अडगळीत पडली. वस्तू टाकली म्हणजे आपणाकच टाकला असा वाटतला त्याका." हसण्यावारी न्यावं असं ते बोलणं नव्हतं. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला घरात आपली जागा म्हणून एवढा एक कोनाडाच तर असतो.

तेव्हा मी कंबर कसली. हे आणि शेजारचे जोशीकाका ओव्हन कोनाड्यातून काढून टेबलावर ठेवत. (दोघांची कंबर धरली ती याच काळात.) माझे हात तेलकट, म्हणून सासूबाई आधी पडदा काढून घडी करून ठेवत. मी वरचं आवरण उघडी. ओव्हनमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो असं मीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे हे पाटावर उभे. हातात लाटणं!

"लाटणं कशाला हो?"

"सुमन, तू चिकटलीस तर सोडवायला नको?"

"कुठे मारणार?"

"ते वेळेवर ठरवू."

फ्यूज तपासला, ठणठणीत. दाराचा स्विच संशयास्पद वाटला, लॅमिंग्टन रोडवरून नवा आणून बसवला. टेबलावर ओव्हन तासभर चालला! जोशीकाकांनी टाळ्या वाजवल्या. मी तो कोनाड्यात बसवून घेतला, पडदा लावला, व्यवस्थित खोचला, आणि दुसऱ्या दिवशी केक अर्धवट असताना ओव्हन पुन्हा ठप्प.

"मेलो काय परत?" सासूबाईंनी विचारलं, आणि पडदा बाजूला सारून, मीठ-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. काही वेळाने तो सुरू झाला! भौतिकशास्त्राचा एवढा अपमान माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकानेही केला नव्हता.

शेवटी मी जाहीर केलं, "थर्मोस्टॅट गेलाय." तो भाग मुंबईत मिळेना. विनयभाऊजी मात्र येऊन ठेपले.

रविवारी दुपारी सासूबाईंनी त्यांच्यासाठी काकडीचं धोंडस केलं, म्हणजे काकडी-गुळाचा गावठी केकच. गावाला ते वर-खाली निखारे ठेवून भाजत. इथे ओव्हनमध्ये ठेवलं. मी पडदा खोचला. गुळाचा, वेलचीचा वास सुटला. "झकास!" भाऊजी म्हणाले. सासूबाई खुर्चीत बसून, डोळ्यांत प्राण आणून ओव्हनकडे बघत होत्या.

ठप्प.

मी घसा साफ केला. "त्याचं काय आहे भाऊजी, यातला थर्मोस्टॅट..." आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. सासूबाई सवयीने उठल्या आणि पडदा ओढला. जाळीतून गरम हवेचा झोत त्यांच्या तोंडावर आला.

"गो बाय! भट्टी पेटली काय हय?"

मोराचा पिसारा करपून पिवळा पडला होता. आणि मी, आठवीच्या मुलींना दरवर्षी उष्ण हवा कशी वर जाते ते शिकवणारी मी, स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभी होते. ओव्हनचा श्वास कोंडला की तो जीव वाचवायला बंद पडत होता, आणि पडदा काढून निवला की उठून बसत होता. मी प्रत्येक वेळी त्याला बरा करून पुन्हा त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.

"म्हंजे मियाच त्याचो गळो आवळलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई," मी म्हटलं. "शिवलं तुम्ही. खोचलं मी."

भाऊजींनी पडदा हातात घेतला, मोरावरून बोट फिरवलं. "किती दिवस शिवत होतीस गं हे? हा मी मस्कतला नेतो. माझ्या टीव्हीला." सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

ओव्हन निवल्यावर धोंडस झालं. मध्ये थोडं बसलं होतं, पण भाऊजींनी ताटली पुसून खाल्लं.

उरलेल्या कापडातून सासूबाईंनी माझ्या मल्टिमीटरला झबलं शिवलं. ते अजून कोरं करकरीत आहे. कारण त्यानंतर घरात काहीही बंद पडलं की पहिला प्रश्न एकच असे, "सुमनला कळलं तर नाही ना?"