कोपराखालची गादी

माझ्या धाकट्या भावाच्या, हेमराजच्या हातात कसब आहे. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण हे मीही मान्य करते. गल्लीतल्या निम्म्या घरांची गेटं, कूलरचे स्टँड, तुळशीभोवतीच्या जाळ्या त्याच्या हातच्या आहेत. भिलाईच्या औद्योगिक भागात एका शेडमध्ये तो ग्राइंडर चालवतो. वेल्डिंग झालेल्या जोडावरचा उंचवटा घासून सपाट करायचा, हे त्याचं काम. लग्नाआधीपासून तेच. संध्याकाळी वैशाली नगरला घरी येऊन टेकला तरी त्याचे हात बराच वेळ थरथरत असतात, आणि चहाचा कढत ग्लास तो मुठीत असा धरतो की बघणाऱ्याचाच हात पोळावा. आम्ही कौतुकानं म्हणायचो, हेमूचे हात लोखंडाचे आहेत. किती मूर्ख होतो आम्ही.

त्याची मुलगी रोशनी सायकलच्या शर्यती खेळते. त्यातही टाइम ट्रायल. म्हणजे एकेकट्यानं सुटायचं आणि घड्याळाशी भांडायचं. पुढे कुणी नसतं, ज्याच्या आडोशानं वारा चुकवावा. म्हणून अंगच इतकं खाली घ्यायचं की वाऱ्याला अडायला जागा उरू नये. त्यासाठी हँडलवर पुढे निघालेले दोन दांडे लावतात, त्याला एरोबार म्हणतात. दोन छोट्या गाद्यांवर हात टेकवायचे, पंजे समोर जवळजवळ आणायचे, मान खाली. ती तशी बसली की मला दबा धरून बसलेली मांजर आठवते.

राज्याची निवड चाचणी जवळ आली तेव्हा हेमराज म्हणाला, "बाजारचा एरोबार कायले? पोरीच्या मापाचा मी बनवून देतो ना."

आणि बनवला. पाइप वाकवले, पत्र्याच्या वाट्या ठोकल्या, त्यात दाबलेल्या लोकरीचा नमदा घातला, वरून काळं रेक्झिन. गल्ली बघायला लोटली. सायकल भिंतीला टेकवून त्यानं स्वतःची कोपरं त्या गाद्यांवर ठेवली आणि टीव्हीवरची मॅच संपेपर्यंत तसाच उभा राहिला. "लोण्यावानी हाय," म्हणाला. "कुठंच टोचत नाई." मग पोरीला शिकवलं, "कोपर बरोबर मधात टेकव अन् मूठ आवळून धर. ढिलं धरलं का गेलीच समज."

ग्राइंडर असाच धरतात. कोपर टेबलाला रोवायचं आणि मशीन आवळून धरायचं, कारण ढिलं धरलं तर ते उसळून मांडी कापतं. जन्मभर ज्यानं जीव वाचवला तेच त्यानं लेकीला दिलं. त्यात त्याचं चुकलं असं मी तरी कसं म्हणू?

पुढे एका रविवारी मी दुर्गहून, मोहन नगरातल्या माझ्या घरून, त्यांच्याकडे आले होते. रंभाच्या, म्हणजे माझ्या भावजयीच्या, साडीला फॉल लावायचा होता. सुईदोरा माझा मीच घेऊन फिरते, त्या घरात सुई कधी सापडत नाही. मी टाके घालत बसले होते तर रोशनी कुर्त्याचं बटण लावायला झटत होती. लागेना. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, लावून दे ना."

"कावून वो? हात मोडला का तुझा?"

तिनं आधी आत डोकावून बघितलं, मग डावा पंजा माझ्या पुढे धरला. "करंगळी अन् हे बाजूचं बोट, कुछ समझता ही नहीं. आधी प्रॅक्टिस झाल्यावर सुन्न व्हायचं, दुपारपर्यंत ठीक व्हायचं. आता होतच नाई. काल ब्रेक दाबला का नाई दाबला, तेच समजलं नाई मले."

मी सुई खाली ठेवली. ट्रकांच्या रस्त्यावर जाणारी पोर, आणि तिला ब्रेक दाबल्याचं कळत नाही!

"बाबाले सांगितलं?"

"नको ना आत्या! किती हौसेनं बनवला त्यांनी. टोचते म्हणून कसं सांगू?"

हा आमच्या घराण्याचा जुना रोग. घरचं केलेलं वाईट म्हणायचं नाही. भाजीत मीठ नसलं तरी मिटक्या मारत खायचं. सगळे मूग गिळून बसतात. मला ते जमत नाही, म्हणून मी भांडखोर ठरले. मी तिथूनच हाक मारली, "हेमू, इकडे ये!" आणि तो येऊन शेजारी बसला तसं सगळं सांगून टाकलं.

तो हसला. चक्क हसला.

"बोटं झोपतात? मग काय झालं वो ताई? मेहनतीचा हात हाय. माझीबी झोपतात. शेडमधी साऱ्याइची झोपतात. बाजूच्या मशीनवरच्या देवाजीची तर मनगटापर्यंत झोपतात."

"तुझी? कधीपासून?"

"आता काय सांगू. रोशनी रांगत होती तवापासून असंन."

चुलीपाशी रंभाचा हात थांबला. इतकी वर्षं एका ताटात जेवून तिला हे माहीत नव्हतं.

हेमराजला त्याचं काहीच नव्हतं. मांडीवर हात टाकून तो लेकीला समजावत होता की गादी चांगलीच आहे, मी स्वतः कोपर ठेवून पाहिलं आहे, थोडी सवय होऊ दे. मी सुई उचलली आणि त्याच्या करंगळीच्या टोकाला लावली. दाबली. तो बोलत होता. आणखी दाबली. तो बोलतच राहिला.

"बाबा," रोशनी म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. बोटावर रक्ताचा थेंब आला होता. ते बोट दुसऱ्या कुणाचं असावं तसा तो बघत राहिला. मग पँटला पुसून म्हणाला, "चामडी जाड होते ना कामानं." पण आवाज पडला होता. भिंतीशी उभ्या सायकलीकडे बघून म्हणाला, "म्हंजे, मले टोचलं नाई ते..." मला त्याचा राग आला होता, आणि रडूही येत होतं.

डॉक्टरकडे दोघांना मीच ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, मुलीच्या कोपराच्या हाडामागची नस दबली आहे. सायकल बंद ठेवा, बैठक बदला, बोटं परत येतील. हेमराजचे हात त्यांनी बराच वेळ उलटेपालटे केले. मशीनच्या थरथरीनं असं होतं म्हणाले. काम सोडलं तर वाढणार नाही, पण गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर हेमराज म्हणाला, "मशीन सोडून काय करू ताई? मले दुसरं येते काय?"

मी दोघांना रिक्षात बसवलं.

चाचणी हुकली. त्या दिवशी रोशनी भिंतीकडे तोंड करून झोपून राहिली आणि हेमराज अंगणात नवा एरोबार घेऊन बसला. गाद्या पुढे सरकवल्या, म्हणजे कोपराचं हाड मोकळं राहील आणि भार हाताच्या मांसल भागावर येईल. दोन्हींत अंतर वाढवलं. दांड्यांची टोकं किंचित वर उचलली, मनगट सरळ राहावं म्हणून. संध्याकाळी तिला उठवून बसवलं. या वेळी स्वतःचं कोपर त्यानं लावून पाहिलं नाही.

"इथं?"

"ठीक हाय बाबा."

"ठीक नोको म्हणू!" तो ओरडला. "टोचते का नाई टोचत, ते सांग!"

"टोचते," रोशनी म्हणाली. "इथं, आतल्या बाजूनं." त्या घरात अशी तक्रार कुणीतरी मोठ्यानं पहिल्यांदाच केली असावी. त्यानं मुकाट पाना घेतला. शेवटी म्हणाला, "आता मूठ ढिली सोड. बोटं नुसती ठेव." हे म्हणताना त्याच्या स्वतःच्या मुठी आवळलेल्या होत्या.

रोशनीची बोटं परत आली. आता ती पुढच्या वर्षीच्या चाचणीची तयारी करते आहे. हेमराज अजून शेडमध्येच जातो.

माझी सुई त्यांनी ठेवून घेतली आहे. संध्याकाळी रोशनी डोळे मिटून पंजा पुढे करते, हेमराज टोचतो, ती "आई गं!" म्हणते, आणि त्याचा चेहरा खुलतो. मग ती सुई घेते. "आता तुमची पाळी बाबा. डोळे मिटा."

"लागलं," तो म्हणतो. अगदी वेळेवर. "कालच्यापेक्षा जास्त लागलं." रंभा देवाला हात जोडते, पोरगी टाळ्या पिटते.

मी तिथं गेले की नेमकी त्याच्या समोर बसते, म्हणून मला दिसतं. त्याचे डोळे पुरते मिटलेले नसतात. पापण्यांच्या फटीतून तो सुईकडे बघत असतो. मीही टाळ्या पिटते.