गादी पडेल तिथे

लोउ श्वेगनच्या पायाला भिंगरी आहे, असं लोक म्हणायचे. मी म्हणायचे, भिंगरी बरी, ती फिरून फिरून दमते तरी. आमचा ट्रक नव्या गावच्या देवळासमोर नीट थांबायच्या आत हा खाली उतरलेला असे. बाकीचे अंग मोडत, कुरकुरत, संडास कुठे आहे ते विचारत उतरायचे, तोवर श्वेगन स्टेजवर चढून फळ्या चालून बघत असायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटा, मग तिरका. कुठली फळी वाजते, कुठली दबते, देवळाच्या दारासमोर स्टेजचा मध्य नेमका कुठे येतो. आम्ही पेजेचा वाडगा हातात दिला की उभ्यानेच दोन घोट घ्यायचा आणि कुठल्यातरी खांबाशी ठेवून विसरायचा. त्याचे वाडगे शोधत फिरणं हे माझं काम नव्हतं, पण दुसरं कोण करणार.

मी आश्यांग. चिन मालकीणबाईंच्या नाटक मंडळीत कपड्यांच्या पेट्या सांभाळते. नव्या वर्षाचे फटाके विझले की आम्ही आमच्या शंगचौ गावाहून निघतो आणि ऊन तापेपर्यंत समुद्रकाठच्या गावांतून फिरतो. जिथे देवाचा वाढदिवस तिथे आमचा खेळ. तीन दिवस इथे, चार दिवस तिथे, की पेट्या उचला. विंगेत माझ्या पेट्या मागे आणि त्यांच्या पुढे श्वेगन, अशी आमची जागा ठरलेली. त्यामुळे त्या माणसाचं तोंड मी जेवढं पाहिलं असेल त्याच्या दसपट त्याची पाठ पाहिली आहे.

पडदे ओढणं, देखावे बदलणं, टेबल-खुर्च्या मांडणं, धूर सोडणं, सगळं तो आणि त्याच्या हाताखालचे दोघे करत. पण त्याचं नाव होतं ते गादीसाठी. यू छायचू ही आमची मुख्य नटी, आता पन्नाशीला टेकलेली. तिच्या प्रत्येक नाटकात एक रडण्याचा प्रवेश असतोच. पांढऱ्या कपड्यांत, केस मोकळे सोडून ती न्यायाधीशापुढे धावत येते, गिरकी घेते आणि गुडघ्यांवर कोसळते. त्या क्षणी विंगेतून लहानशी लाल गादी यायची. जमिनीच्या वीतभर वरून फिरत यायची आणि गुडघा टेकायच्या आत गुडघ्याखाली असायची. बाकीच्या मंडळ्या हल्ली नटीच्या विजारीत गुडघ्याशी आतून जाड पट्ट्या शिवतात, नाहीतर गादी आधीच टाकून ठेवतात. मग पडदा उघडल्याबरोबर लोकांना कळतं की बाई अमुक ठिकाणी रडणार. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. किनाऱ्यावरचे म्हातारे छायचूसाठी डोळे पुसायचे आणि ओरडून दाद द्यायचे ती गादीला. ते ओरडले की श्वेगनची मान मागून लाल व्हायची. तेवढंच. लगेच हा पुढच्या प्रवेशाच्या खुर्चीकडे पळाला.

घरी तो टिकत नसे. मुलाने छान तीन मजली घर बांधलं होतं, बापाला खालची खोली दिली होती. नव्या वर्षाच्या सुट्टीत श्वेगन तिथे राहायचा आणि दर दोन दिवसांनी जेवणाचं टेबल हलवायचा. सून पाहुण्यांसाठी मासा घेऊन यायची तर टेबल खिडकीशी. एकदा तिने मला फोन करून विचारलं होतं, मावशी, यंदा ट्रक लवकर नाही का निघणार? तिचंही चूक नव्हतं. आणि म्हणूनच मला कळत होतं की या माणसाला मंडळीतून काढलं तर त्याला दुसरीकडे कुठेही ठेवता येणार नाही.

गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांनी घोळ घालायला सुरुवात केली. आधी त्याने शेवयांवर सोया सॉसऐवजी माझी सर्दीची औषधी दारू ओतली आणि चवीने खाल्ली. मग तो दिव्यांना नावं ठेवायला लागला, या गावचा करंटच मेला, त्या गावचे बल्ब जुने. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हटलं. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाताना मी त्याला ओढत निंगबो शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची शीर सुकत चाललीय. गेली ती नजर परत येणार नाही, थेंब घातले तर उरलेली थोडे दिवस राहील. श्वेगनने बाटली खिशात घातली आणि रस्त्यावर येऊन मला बजावलं.

"मालकीणबाईंच्या कानावर घालायचं नाही. त्या मला घरी बसवतील. आणि घरी बसून मी मेलो ना आश्यांग, तर भूत होऊन तुझ्याच पेट्यांवर येऊन बसेन."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर गप्प राहणं सोपं होतं, कारण गादी अजूनही येत होती. छायचूला कोसळण्याआधी बारीक खाकरायची सवय होती, प्रेक्षकांना ऐकू न जाणारी. श्वेगन तेवढ्यावर फेकायचा. मला म्हणायचा, डोळे कशाला लागतात, हाताला ठाऊक आहे. पण पायांची वळवळ वाढली होती. खेळाआधी आता तो फळ्या तीन-तीनदा चालायचा, खुर्च्यांच्या पाठी चाचपायचा, पडद्याच्या दोऱ्या मोजायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्याच्याकडे बघूनच माझं डोकं उठायचं.

त्याच सुमारास छायचूचा अभिनय पिकला, असं सगळे म्हणायला लागले. गिरकीनंतर ती आता सरळ कोसळत नसे. पायाखालची जमीन सरकल्यासारखी झोकांडी खायची, कधी डावीकडे, कधी मागे, लांब बाह्या हवेत भिरभिरायच्या आणि मग ती पडायची. बायका बाहीने तोंड दाबून हुंदके द्यायच्या. मीसुद्धा रडले आहे. श्वेगनच्या पाठीमुळे मला स्टेजची जमीन दिसत नाही, दिसतं ते कमरेच्या वरचंच. मालकीणबाई तर इतक्या खूश की त्यांनी लू यानला ती झोकांडी शिकायला लावली. लू यान ही दुय्यम नटी, पोरगी मेहनती. ती देवळाच्या अंगणात रोज सकाळी झोकांडी घोटायची. दोन पावलं डावीकडे, अर्धं मागे, आणि खाली.

यंदाच्या वसंतात एका कोळ्यांच्या गावी छायचू तापाने फणफणली. दुपारच्या खेळाला लू यान उभी राहिली. रडण्याचा प्रवेश आला, पोरगी धावत आली, गिरकी घेतली. श्वेगन गादी घेऊन खाकरण्याची वाट बघत होता. लू यानला कोणी कशाला सांगणार की खाकरायचं असतं? तिने घोटलेली झोकांडी अचूक खाल्ली, दोन पावलं डावीकडे, अर्धं मागे, आणि फळीवर गुडघा असा आपटला की मला विंगेत दाताला कळ लागली. गादी त्यानंतर गेली आणि न्यायाधीशाच्या टेबलाखाली जाऊन पडली. पुढच्या रांगेतली मुलं हसली. एक म्हातारा ओरडला, गादीवाला झोपला काय?

खेळ संपल्यावर मालकीणबाई विंगेत आल्या. आधी श्वेगनला फैलावर घेतलं, मग लू यानला, की जागा चुकवलीस. ती गुडघ्याला बर्फ लावून रडत बसली होती.

"मी नाही चुकवली," ती म्हणाली. "ताई जशी झोकांडी खातात तश्शीच खाल्ली."

"कसली झोकांडी?" श्वेगनने विचारलं.

मालकीणबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. वर्षभर अख्खा किनारा ज्या झोकांडीवर रडत होता ती ह्या माणसाला, दहा हातांवरून, दिसलीच नव्हती. त्यांना जे कळायचं ते कळलं. मलाही त्याच वेळी कळलं की छायचूचा अभिनय कुठून पिकला होता.

श्वेगन तडक देवळाच्या बाजूच्या खोलीत गेला. तिथे आमच्या चटया होत्या आणि छायचू रजईत पडली होती. मी मागोमाग गेले, कारण त्याच्या वाटेत पेट्या होत्या.

"किती दिवस तू गादीमागे धावतेयस?" त्याने दारातूनच विचारलं.

ती उठून बसली. लपवायचा प्रयत्नही तिने केला नाही. "मागच्या उन्हाळ्यापासून. ड्रॅगन बोटींच्या सणापासून."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं, दादा? गुडघे माझे आहेत. कुठे टेकायचे ते मी बघीन."

"पोरी, मी तुझ्यासाठी फेकत होतो. तू माझ्यासाठी पडत होतीस."

"मग? लोक रडले ना?"

त्याला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं. तो बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत देवळाला फेऱ्या घालत राहिला. गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं नवस आहे. मालकीणबाईंनी मला बोलावून सांगितलं की उद्यापासून छायचूच्या विजारीत पट्ट्या शीव, आणि श्वेगनच्या मुलाचा नंबर तुझ्याकडे असेल तर दे. मालकीणबाई वाईट नाहीत. त्यांचा आवाजही चढलेला नव्हता. मी नंबर दिला नाही, घरी राहिलाय म्हटलं. पट्ट्या मात्र शिवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी छायचूचा ताप उतरला होता आणि तिने पट्ट्यांची विजार माझ्या अंगावर फेकली. जुनी आण, म्हणाली. मी म्हटलं, मालकीणबाईंनी सांगितलंय. ती म्हणाली, मालकीणबाईंना घाल मग.

श्वेगन सकाळपासून फळ्यांवर गेला नव्हता. टेबल-खुर्च्या मात्र त्याने वेळेवर मांडल्या. रडण्याचा प्रवेश आला तेव्हा तो आपल्या जागी उभा होता आणि गादी त्याच्या छातीशी होती, दोन्ही हातांनी धरलेली. छायचू धावत आली. गिरकी घेतली. खाकरली.

त्याने गादी फेकली नाही.

ती पुन्हा खाकरली. ढोलकीवाल्याने तिच्याकडे पाहून ताल लांबवला. ती डावीकडे गेली, उजवीकडे आली, बाह्या फिरल्या, नजर जमिनीवर गादी शोधत होती. मी मागून हळूच म्हटलं, फेका की दादा. तो म्हणाला, "नाही. परत नाही तिला पळवणार." ढोलकीवाल्याने आणखी एक आवर्तन घेतलं. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. मालकीणबाई पलीकडच्या विंगेतून हातवारे करत होत्या. मला वाटलं, आता ही उघड्या फळीवर पडणार, आणि ते हा कानांनी ऐकणार.

ती तिसऱ्यांदा खाकरली आणि श्वेगन विंगेतून बाहेर गेला.

मळकी निळी विजार, पायात रबरी बूट, खिशात डोळ्यांच्या थेंबांची बाटली. माझ्या आजीच्या काळी विंगेतली माणसं अशीच सगळ्यांदेखत स्टेजवर येऊन खुर्ची ठेवायची आणि जायची, पण ते बंद होऊन जमाना झाला. तो तिच्या आवाजाच्या दिशेने चालत गेला. ती जागच्या जागी थांबून बारीक कण्हत राहिली, म्हणजे त्याला अंतर कळावं. त्याने वाकून गादी ठेवली. हाताने चाचपली, तिच्या पायाला बोटं लागली तशी थोडी मागे सरकवली. मग ती गुडघ्यांवर बसली. मागच्या रांगांतून म्हाताऱ्यांनी एकच ओरडा केला, इतका की देवळाच्या पायऱ्यांवर दाणे टिपणारी कोंबडी पळाली.

श्वेगन उठला आणि तिथेच उभा राहिला. एवढा उजेड त्याच्या अंगावर कधी पडलेला नव्हता. तो एकदा प्रेक्षकांकडे वळला, एकदा न्यायाधीशाकडे, आणि मला कळलं की त्याला विंग सापडत नाहीये. ज्या स्टेजचा तो खिळान् खिळा ओळखत होता, त्याच्या मधोमध त्याला परतीची वाट माहीत नव्हती. मी धावणार तेवढ्यात छायचूने गाणं सुरू केलं. गाता गाता ती गुडघ्यांवर अर्धी वळली, लांब पांढऱ्या बाहीने त्याचं मनगट धरलं, त्याला माझ्या बाजूला फिरवलं आणि पाठीवर हलकेच ढकललं. लोकांना वाटलं, न्याय मागणारी बाई म्हाताऱ्या नोकराला निरोप देतेय. बायका रडायला लागल्या.

तो माझ्यापर्यंत आला. मी त्याचा दंड धरला. थोडा वेळ तो तिचं गाणं ऐकत राहिला.

"आश्यांग, मुलाचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव. न्यायला ये म्हणावं."

गेलं वर्षभर मी हेच तर टाळत आले होते. फोन काढला आणि हातात धरून राहिले, बोट काही पुढे जाईना. म्हटलं, खेळ तर संपू द्या.

"खेळ संपल्यावर ट्रक भरायचाय," तो म्हणाला. "आत्ताच लाव."

मी लावला. पलीकडून मुलाने हॅलो म्हटलं, तेव्हा स्टेजवर अजून त्याची गादी होती.